कंपवातावरील वादग्रस्त गोळी: थांबवावी की चालू ठेवावी?

एकाच औषधाविषयी एकाच वर्षात परस्परविरुद्ध वाटावेत असे निष्कर्ष पुढे येणे वैद्यकशास्त्राला नवे नाही. तथापि प्रामिपेक्सोल या औषधाच्या बाबतीत २०२५ मध्ये जे घडले, त्याची दखल सर्वसामान्य वाचकानेही घ्यावी असे आहे. जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेतील निद्रावैद्यक अकादमीने, रात्री पाय सतत हलवत राहावेसे वाटण्याच्या विकारासाठी हे औषध आणि त्याच वर्गातील रोपिनिरोल व रोटिगोटिन ही औषधे नेहमीच्या उपचारात वापरू नयेत, अशी शिफारस केली. दीर्घकाळ घेतल्यास ही औषधे मूळ विकारच बळावतात, हे त्यामागील प्रमुख कारण होते. त्यानंतर काही महिन्यांतच ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या पुढाकाराने झालेल्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. इतर औषधांना दाद न देणाऱ्या नैराश्याच्या १५० रुग्णांवरील या चाचणीत प्रामिपेक्सोलचा लाभ झाल्याचे आढळले. मात्र ते घेणाऱ्यांपैकी सुमारे एकपंचमांश रुग्णांना दुष्परिणामांमुळे औषध सोडावे लागले.

म्हणजे एका विकारातून हे औषध मागे घेतले जात आहे आणि दुसऱ्या विकारात त्याला प्रवेश मिळू पाहत आहे. ज्या विकारासाठी ते मुळात १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता पावले, त्या कंपवाताच्या म्हणजेच पार्किन्सन्सच्या रुग्णांनी यातून काय बोध घ्यायचा? भारतातील अनेक घरांत औषधांच्या डब्यात ही गोळी आज आहे. ती चालू ठेवावी की थांबवावी, हा त्या घरांपुढील प्रश्न केवळ वैद्यकीय राहिलेला नाही.

कंपवाताच्या व्याप्तीविषयी प्रारंभीच दोन आकडे नमूद करणे योग्य ठरेल. जागतिक रोगभाराच्या अभ्यासानुसार २०१६ मध्ये जगात सुमारे ६१ लाख आणि भारतात सुमारे ५ लाख ८० हजार व्यक्तींना हा विकार होता. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०१९ मध्ये जगातील ही संख्या ८५ लाखांवर गेली. आयुर्मान वाढत असल्याने ती आणखी वाढणार, यात शंका नाही. मुंबईतील पारशी वसाहतींमध्ये घरोघर जाऊन केलेली आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेली पाहणी आजही जगभरच्या वैद्यकीय ग्रंथांत उद्धृत केली जाते. तिच्यात दर लाख लोकसंख्येमागे ३२८ रुग्ण आढळले होते. त्या समाजातील वृद्धांचे मोठे प्रमाण लक्षात घेतले, तरी त्या काळात हा आकडा लक्षणीय मानला गेला.

या विकारात मेंदूच्या खोल भागातील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी हळूहळू नष्ट होतात. हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, हाताला कंप सुटतो, अक्षर बारीक होत जाते. १९६० च्या दशकात लेव्होडोपा हे औषध आले आणि खिळून राहिलेली माणसे चालू लागली. शरीरात गेल्यावर लेव्होडोपाचे डोपामिनमध्ये रूपांतर होते, म्हणजे जे उणे आहे तेच भरून निघते. आजही या विकारावर त्याच्याइतके प्रभावी औषध नाही. परंतु काही वर्षांनी त्याची दुसरी बाजू दिसू लागते. गोळीचा प्रभाव लवकर ओसरतो आणि प्रभाव असताना हात, मान, धड आपोआप वळवळू लागतात. या अनैच्छिक हालचाली तरुण वयात विकार जडलेल्यांमध्ये अधिक आणि लवकर दिसतात.

यावर तोडगा म्हणून प्रामिपेक्सोल, रोपिनिरोल ही औषधे पुढे आली. डोपामिन तयार करण्याऐवजी ही औषधे डोपामिनची नक्कल करतात. पेशीवरील ज्या ग्राहींना डोपामिन जाऊन भिडते, त्यांनाच ती उद्दीपित करतात. त्यांचा प्रभाव अधिक काळ टिकतो. रोपिनिरोल आणि लेव्होडोपा यांची तुलना करणारी पाच वर्षांची चाचणी २००० मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्यात अनैच्छिक हालचालींचे प्रमाण लेव्होडोपाने उपचार सुरू केलेल्यांमध्ये ४५ टक्के, तर रोपिनिरोलने सुरुवात केलेल्यांमध्ये २० टक्के आढळले. या निष्कर्षानंतर जगभरच्या तज्ज्ञांनी पन्नाशीच्या आतबाहेरच्या रुग्णांना आधी ही नवी औषधे द्यावीत, लेव्होडोपा जमेल तितके पुढे ढकलावे, असा प्रघात पाडला. तो अविचार मुळीच नव्हता. ज्याला अजून पंधरावीस वर्षे नोकरी करायची आहे, घर चालवायचे आहे, त्याच्यासाठी हा विचार रास्तच होता.

पहिला इशारा मिळाला तो १९९९ मध्ये. ही औषधे घेणाऱ्या आठ रुग्णांना वाहन चालवताना अकस्मात झोप लागून अपघात झाल्याचे वृत्त वैद्यकीय नियतकालिकात आले. त्याहून गंभीर गोष्ट २००५ च्या सुमारास पुढे आली. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी अशा ११ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली, की ज्यांना हे उपचार चालू असताना जुगाराचे व्यसन जडले होते. त्यांपैकी नऊ जण प्रामिपेक्सोल घेत होते.

पुढील काळात हे आकडे वाढत गेले. अमेरिका आणि कॅनडातील ४६ केंद्रांतील ३,०९० रुग्णांची पाहणी २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. जुगार, अनावर खरेदी, अनावर कामवासना आणि अनावर खाणे यांपैकी किमान एक विकार या औषधवर्गातील गोळ्या घेणाऱ्यांपैकी सुमारे १७ टक्के रुग्णांत, तर न घेणाऱ्यांपैकी सुमारे ७ टक्के रुग्णांत आढळला. ही पाहणी एका विशिष्ट वेळची होती. त्याच रुग्णांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवल्यास काय दिसते, हे २०१८ मधील फ्रेंच अभ्यासाने दाखवले. पाच वर्षांच्या कालावधीत, ही औषधे कधी ना कधी घेतलेल्यांपैकी जवळपास निम्म्या रुग्णांत असा एखादा विकार उद्भवला. कधीच न घेतलेल्यांमध्ये हे प्रमाण १२ टक्क्यांच्या आसपास होते. केरळमधील श्री चित्रा तिरुनल संस्थेने ३०५ रुग्णांचा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध केला. त्यात एखादे तरी आवेगाचे किंवा तेच ते करत राहण्याचे वर्तन सुमारे ४२ टक्के रुग्णांत आढळले. मोजण्याची व्याख्या येथे अधिक व्यापक होती, हे खरे. पण भारतीय कुटुंबव्यवस्थेत असे काही घडत नाही, ही समजूत त्यामुळे निराधार ठरते.

यातील कार्यकारणभाव समजून घेणे कठीण नाही. डोपामिन केवळ हालचालीचे नियंत्रण करत नाही. एखाद्या गोष्टीची ओढ वाटणे, लाभाची अपेक्षा असणे, पुन्हा तेच करावेसे वाटणे, यांमागेही तेच रसायन असते. कंपवातात हालचालींशी संबंधित भागातील डोपामिन आधी घटते, ओढीशी संबंधित भाग बराच काळ तुलनेने शाबूत राहतो. प्रामिपेक्सोलसारखी औषधे या दुसऱ्या भागातील ग्राहींना विशेष जवळची आहेत. परिणामी हाताचा ताठरपणा घालवण्यासाठी दिलेली मात्रा मनाच्या लगामावर अधिक ठरू शकते. म्हणून याला स्वभावदोष म्हणणे चूक आहे. आयुष्यभर पै पै जपलेल्या माणसाचाही हात असा सुटू शकतो.

आपल्याकडे हा आवेग कोणत्या रूपाने प्रकट होईल? गोव्यातील कॅसिनोपर्यंत जाण्याचे कारण नाही. लॉटरीची तिकिटे आहेत, भ्रमणध्वनीवरील रमी होती. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा संमत करून पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, हे योग्यच झाले. पण शेअर बाजारातील वायदे व्यवहार घरबसल्या करता येतात. आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात अशा व्यवहारांत उतरलेल्या व्यक्तिगत गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेल्याचे सेबीच्या सप्टेंबर २०२४ मधील अभ्यासात म्हटले आहे. निवृत्तीनंतर हाती आलेली भविष्यनिर्वाह निधीची रक्कम आणि दिवसभराचा मोकळा वेळ असलेला साठीचा गृहस्थ तेथे काय करतो आहे, हे त्याच्या पत्नीला बँकेचे पासबुक हाती येईपर्यंत कळतही नाही. खरेदीचेही तसेच. एकाच प्रकारच्या दहा वस्तू घरी येऊ लागल्या, तर प्रथम थट्टा होते, मग भांडण होते. त्याचा संबंध सकाळच्या गोळीशी असेल, असे कोणाच्या मनातही येत नाही.

सर्वांत कठीण प्रकार कामवासनेचा. ज्या वयात शांतपणाची अपेक्षा असते, त्या वयात पतीचे वागणे अचानक असह्य होते आणि पत्नी ते कोणालाही सांगू शकत नाही. मुलांना नाही, सुनेला नाही, डॉक्टरांना तर नाहीच, कारण डॉक्टरांच्या खोलीत पती शेजारीच बसलेला असतो. मराठी घरांत या विषयाभोवती असलेले मौन पाहता, वैद्यकीय नोंदीतले आकडे प्रत्यक्षाहून कमीच असणार, असे मानण्यास जागा आहे. रुग्णालाही हे चुकते आहे असे अनेकदा वाटत नाही. उलट बऱ्याच काळाने उत्साह परत आल्याचा त्याला आनंदच असतो.

या बाबतीत न्यायालयांतही दाद मागितली गेली आहे. फ्रान्समध्ये रोपिनिरोल घेत असताना जुगार आणि अनावर कामवासना यांच्या आहारी गेलेल्या एका रुग्णाला, रेन येथील अपील न्यायालयाने नोव्हेंबर २०१२ मध्ये औषध कंपनीकडून सुमारे १ लाख ९७ हजार युरोंची भरपाई मंजूर केली. त्या रुग्णाची बचत संपली होती, संसार विस्कटला होता. या प्रकरणात मुख्य मुद्दा औषध वाईट की चांगले हा नव्हता. धोक्याची सूचना रुग्णापर्यंत वेळेवर पोहोचली होती काय, हा होता.

आपल्याकडे हा प्रश्न विचारला तर काय उत्तर मिळेल? औषधाच्या खोक्यात बारीक इंग्रजी अक्षरांतील घडीपत्रक असते. पण आपल्याकडे औषध विक्रेता पट्टी कापून दहा गोळ्या देतो. खोके आणि पत्रक दुकानातच राहते. ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच विकली जावीत असा नियम आहे. प्रत्यक्षात दोन वर्षांपूर्वीची घडी पडलेली चिठ्ठी दाखवून महिन्याची गोळी आणली जाते आणि मधल्या काळात मात्रा योग्य आहे की नाही, हे कोणी तपासत नाही. एकशे चाळीस कोटींहून अधिक लोकसंख्येच्या देशात मेंदूविकारतज्ज्ञांची संख्या काही हजारांतच आहे आणि तेही बहुतांशी मोठ्या शहरांत. जालना किंवा सिंधुदुर्गातून पुण्यामुंबईला वर्षातून एकदा येणाऱ्या रुग्णाच्या वाट्याला जी काही मिनिटे येतात, ती कंप, चाल आणि बद्धकोष्ठता यांतच संपतात.

तर मग गोळी बंदच करावी काय? येथे मोठ्या सावधगिरीची आवश्यकता आहे. एखादे वृत्त वाचून घाबरलेला रुग्ण किंवा संतापलेले नातेवाईक ही गोळी एका दिवसात बंद करतात, तेव्हा दुसरेच संकट ओढवू शकते. कंपवातावरील औषधे अचानक थांबवल्यास शरीर ताठ होणे, तीव्र ताप येणे, शुद्ध हरपणे अशी जिवावर बेतणारी अवस्था क्वचित का होईना उद्भवते. इतर शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाच्या कंपवाताच्या गोळ्या राहून जातात, तेव्हाही हा धोका असतो.

याखेरीज या औषधवर्गाचा स्वतःचा असा एक त्रास २०१० मध्ये प्रथम वर्णिला गेला. औषध कमी करताना तीव्र चिंता, घाबरणे, घाम, थकवा, खिन्नता आणि पुन्हा तीच गोळी हवी असे वाटणे, ही त्याची लक्षणे. त्या पहिल्या अभ्यासात औषध कमी केलेल्या २६ रुग्णांपैकी पाच जणांना हा त्रास झाला आणि या पाचही जणांना आधी आवेगाचा विकार होता. लेव्होडोपा वाढवून हा त्रास शमत नाही, ही त्यातील अडचणीची बाब. म्हणजे ज्यांना औषध सोडण्याची सर्वाधिक गरज, त्यांनाच ते सोडणे सर्वाधिक जड जाते. त्यामुळे मात्रा आठवड्याआठवड्याने, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली उतरवावी लागते. बहुतेक रुग्णांत आवेग त्यानंतर ओसरतो, पण त्याला काही महिनेही लागू शकतात.

सरकारने हे औषध बाजारातून काढून का टाकू नये, असाही प्रश्न काही जण विचारतात. कंपवाताच्या औषधांच्या इतिहासात त्याचे उत्तर आहे. याच वर्गातील पर्गोलाइड हे औषध हृदयाच्या झडपा जाड करते, हे जानेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांनी दाखवले आणि मार्च २००७ मध्ये ते अमेरिकेच्या बाजारातून मागे घेण्यात आले. तेथे निर्णय तुलनेने सोपा होता. इजा सोनोग्राफीसारख्या तपासणीत दिसत होती आणि तोच लाभ देणारी दुसरी औषधे हाताशी होती. टोल्कापोनची कथा वेगळी. यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याने युरोपने १९९८ मध्ये ते स्थगित केले. पण २००४ मध्ये, यकृताच्या नियमित तपासणीच्या अटीवर, ते परत आले. सेलेजिलिनच्या बाबतीत तर १९९५ मध्ये ब्रिटनमधील एका चाचणीने, ते लेव्होडोपासह घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी अधिक असल्याचे सांगून खळबळ उडवली. पुढे २००४ मध्ये अनेक चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला असता मृत्युदरातील असा फरक सिद्ध झाला नाही. त्या मधल्या वर्षांत ज्यांनी चांगले लागू पडलेले औषध भीतीने सोडले असेल, त्यांची गणती कोणी ठेवलेली नाही.

प्रामिपेक्सोल आणि रोपिनिरोल या तिन्ही उदाहरणांपेक्षा वेगळ्या ठिकाणी उभी आहेत. त्यांच्या धोक्याविषयी आता शंका उरलेली नाही आणि त्यांचा उपयोगही खरा आहे. मात्र ही इजा रक्त तपासून कळत नाही, चित्रणात दिसत नाही. ती घरातील माणसालाच दिसते. बंदीचा मार्ग येथे कामाचा नाही, असे या लेखकाचे मत आहे.

लेव्होडोपाविषयीची भीती या निर्णयात नाहक आड येते. हे औषध लवकर सुरू केले तर लवकर संपते, ही समजूत रुग्णांमध्ये खोलवर रुजली आहे आणि काही डॉक्टरांनीही ती जोपासली आहे. ब्रिटनमध्ये १,६२० रुग्णांवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, लेव्होडोपाने सुरुवात करणाऱ्यांचे जीवनमान दीर्घकाळात किंचित पण सातत्याने अधिक चांगले राहिले. दुष्परिणामांमुळे लेव्होडोपा सोडणारे २ टक्के होते, डोपामिनची नक्कल करणारी औषधे सोडणारे २८ टक्के. नेदरलँड्समधील २०१९ च्या चाचणीत, लेव्होडोपा लवकर दिल्याने विकाराची गती मंदावली नाही, तशी वाढलीही नाही. अमेरिकन न्यूरॉलॉजी अकादमीच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचनांनी त्यामुळे हालचालींच्या त्रासासाठी सुरुवातीला लेव्होडोपाकडे कल दर्शवला. सत्तरीपुढील, भास होणाऱ्या, स्मृती मंदावलेल्या किंवा पूर्वी व्यसनाचा, आवेगाचा इतिहास असलेल्या रुग्णांना दुसऱ्या वर्गातील औषधे देऊ नयेत, असे त्यांत म्हटले आहे.

आता दोन घरांची कल्पना करावी. एका घरी चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजी आहेत. आठ वर्षांपूर्वी कोणीतरी सुरू केलेली प्रामिपेक्सोलची गोळी चालू आहे, सोबत लेव्होडोपाही आहे, आणि अलीकडे त्यांना संध्याकाळी अंगणात अनोळखी माणसे दिसतात. येथे तोलण्यासारखे फारसे उरत नाही. गोळी हळूहळू उतरवण्याविषयी डॉक्टरांशी बोलणे, हाच मार्ग दिसतो. दुसऱ्या घरी अठ्ठेचाळीस वर्षांचा लेथ मशीनवर काम करणारा कामगार आहे. गोळीमुळे त्याचा उजवा हात दिवसभर साथ देतो. ती काढून त्याऐवजी लेव्होडोपा वाढवले, तर काही वर्षांनी अनैच्छिक हालचाली सुरू होऊन त्याच मशीनवर उभे राहणे अवघड होऊ शकते. आणि याच वयोगटातील पुरुषाला जुगाराचा धोकाही अधिक, असे अभ्यास सांगतात. त्याची नोकरी एका पारड्यात, बचत आणि संसार दुसऱ्यात. हा तोल त्याच्याऐवजी अन्य कोणी ठरवू शकत नाही. पण त्याने एकट्यानेही तो ठरवता कामा नये, कारण पारडे कोणत्या बाजूला झुकले आहे हे ओळखण्याची त्याची क्षमताच या औषधाने बाधित होऊ शकते.

म्हणूनच २०१७ च्या ब्रिटिश मार्गदर्शक सूचनांमध्ये एक साधी अट आहे: या धोक्याची माहिती रुग्ण आणि त्याचे कुटुंबीय या दोघांनाही तोंडी आणि लेखी द्यावी. तरुण रुग्णाला ही गोळी चालू ठेवायची असेल, तर घरातील किमान एका व्यक्तीला सर्व माहीत असणे ही आपल्याकडेही पूर्वअटच मानली पाहिजे. बँकेच्या खात्यावर दुसऱ्या नावाची नजर असावी. तपासणीच्या वेळी जोडीदाराशी डॉक्टरांनी दोन मिनिटे स्वतंत्रपणे बोलावे. या विकारांसाठी खास तयार केलेल्या छोट्या प्रश्नावल्या उपलब्ध आहेत आणि त्या भरण्यास काही मिनिटेच लागतात. मात्रा थोडी उतरवून, लेव्होडोपाशी तिचा मेळ घालून, दोन्ही बाजू सांभाळता येतात असेही अनेक रुग्ण असतात. मेंदूत विद्युतप्रवाह सोडणाऱ्या शस्त्रक्रियेनंतर या गोळ्या बऱ्याच कमी करता येतात. परंतु तिचा खर्च लाखांच्या घरात असल्याने ती सर्वांच्या आवाक्यातील नाही.

शासकीय यंत्रणेच्या पातळीवर एक व्यवस्था आपल्याकडे आहे, पण तिचा वापर अपुरा आहे. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणारा राष्ट्रीय औषधदक्षता कार्यक्रम २०१० मध्ये सुरू झाला आणि त्याचे समन्वय केंद्र गाझियाबाद येथील भारतीय औषधसंहिता आयोगाकडे आहे. दुष्परिणाम कळवण्याचा अधिकार केवळ डॉक्टरांना आहे, असा गैरसमज आढळतो. प्रत्यक्षात रुग्ण किंवा नातेवाईकही १८००-१८०-३०२४ या निःशुल्क दूरध्वनी क्रमांकावर तो कळवू शकतात. पुरळ उठले, उलट्या झाल्या, तर लोक कळवतीलही. पण वडिलांनी सहा महिन्यांत बचत बुडवली, हा औषधाचा दुष्परिणाम असू शकतो, हे मुळात ठाऊक नसेल तर कोण कळवणार? औषध विक्रेत्याने कापलेल्या पट्टीसोबत अर्ध्या पानाची मराठी, कन्नड, बंगाली अशी त्या त्या भाषेतील सूचना देणे फार खर्चाचे काम नाही. औषध नियंत्रक यंत्रणेने या वर्गातील गोळ्यांपुरता तरी तो नियम केला, तर कंपन्यांनाही त्यावर आक्षेप घेता येणार नाही, असे वाटते.

तोपर्यंत हे काम स्वयंसहाय्य गटांवरच पडले आहे. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ, मुंबईत मुख्यालय असलेली आणि अनेक राज्यांत केंद्रे चालवणारी पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी अशा संस्थांमध्ये रुग्णांबरोबर शुभंकरही, म्हणजे त्यांची काळजी घेणारेही एकत्र येतात. डॉक्टरांच्या खोलीत जे ओठांवर येत नाही, ते समदुःखी माणसांत बोलले जाण्याची शक्यता अधिक असते. पुढच्या तपासणीला जाताना रुग्णाने सोबत घरचे माणूस, सध्या घेत असलेल्या सर्व गोळ्यांच्या पट्ट्या आणि गेल्या वर्षभरात वागण्यात झालेल्या बदलांची कागदावर लिहिलेली नोंद न्यावी. ती नोंद पत्नीने किंवा मुलीने वेगळी लिहून डॉक्टरांच्या हाती दिली, तरी चालेल.